दुखवट्यातली कुस्ती

अण्णा गेले त्या दिवशी कुणीतरी आमच्या हॉलमधल्या टीव्हीवर चादर टाकली. कुणी टाकली ते मला आजही माहीत नाही. घर माणसांनी भरलेलं, चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेलेला, आणि त्या गडबडीत कुणा जाणत्या बाईने कपाटातली निळ्या फुलांची चादर काढून टीव्ही झाकला. आमच्या साताऱ्याकडच्या लोकांत हे सांगावं लागत नाही. घरातलं माणूस गेलं की टीव्ही बंद. तेरावं होईपर्यंत रिमोटला कुणी हात लावत नाही, आणि पुढे किती दिवस ते ज्याच्या त्याच्या घरावर.

आईने वर्ष धरलं.

"वर्ष?" मी म्हटलं. "अगं, कोण बघायला येणार आहे? ह्या सोसायटीत शेजारचं दार उघडतं ते फक्त पार्सलवाला आला की."

"भावजी म्हनलं वर्सभर दुखवटा पाळायचा. मंग पाळायचा."

भावजी म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, थोरले भाऊ, आमचे आबा. गावाकडे असतात, यात्रा कमिटीत आहेत, आणि त्यांचा शब्द आमच्या घरात अजून खाली पडलेला नाही. आई त्यांच्याशी फोनवर बोलतानासुद्धा डोक्यावर पदर घेते. फोनवर! एकदा मी हसले तर आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.

तर टीव्ही बंद झाला आणि घराला कसली तरी खाज सुटल्यासारखं झालं. दुसरा शब्द सुचत नाही. अण्णांनी उभा जन्म वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहिल्या. गुडघे गेले तसे कोपरखैरण्याची खोली सोडून दोघं माझ्याकडे सीवूड्सला राहायला आले, आणि तेव्हापासून अण्णा होते आणि बातम्या होत्या. सकाळी दात घासायच्या आधी बातम्या. जेवताना बातम्या. चार जण एकमेकांच्या अंगावर ओरडतायत आणि अण्णा मांडीवर रिमोट ठेवून सोफ्यावर घोरतायत. कुणी चॅनल बदललं की लगेच जागे. "बघतोय मी." वाईट नव्हता माझा बाप. आईला वेणी आणल्याशिवाय कधी घरी आला नाही. पण रिमोट त्याचा होता, संपलं.

आता तो सगळा आरडाओरडा गेला आणि आईला घरात बसवेना. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. फ्रिज उघडायचा, आत बघायचं, बंद करायचा. घड्या घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालायच्या. माझ्या कानात दिवसभर तिच्या पायातल्या जोडव्यांचा टक-टक आवाज. मलाही अण्णांची आठवण येत होती, नाही असं नाही, पण मला रडायला सवड नव्हती आणि त्या टक-टकीने माझं डोकं उठायचं.

कारण मी घरूनच काम करते. बेडरूमची गॅलरी सरकत्या काचा लावून बंद केली आहे, तिलाच मी ऑफिस म्हणते. टेबल, मोठ्या स्क्रीनचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि खुर्ची मावली की संपलं ऑफिस. द्रोणागिरीच्या गोदामांतून माल परदेशी जातो, त्याची कागदपत्रं मी बनवते. ऐकायला मोठं वाटतं. एक आकडा चुकला की कंटेनर गेटवर अडकतो आणि ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सगळे माझ्या नावाने शंख करतात. अशा कामात मागून टक-टक, टक-टक.

एक दिवस माझा तोल गेला. आई चहा घेऊन आली आणि कप ठेवून तशीच उभी राहिली. जाईना, बसेना, बोलेना.

"आई, काय हवंय तुला?"

"कुठं काय."

"मग अशी डोक्यावर उभी राहू नकोस! बस इथे." मी प्रिंटरच्या बाजूचं स्टूल ओढलं, स्क्रीनच्या अर्ध्या भागात माझं काम ठेवलं आणि उरलेल्या अर्ध्यात एक कीर्तन लावून दिलं. "हे बघ आणि मला काम करू दे."

ती स्टुलावर टेकली. मान मात्र काचेकडे. "टीव्ही न्हाई बघायचा."

"हा टीव्ही नाहीये, कॉम्प्युटर आहे."

तिने विचार केला. चांगला बराच वेळ केला. मग म्हणाली, "ह्याच्यावर तू काम करतीस नव्हं?"

"हो."

"मंग चालतंय."

झालं! वकिलाच्या वरताण. हॉलमधला टीव्ही दुखवट्यात, आणि त्याच्याहून स्वच्छ दिसणारा माझा कॉम्प्युटर कामाचा, म्हणून त्याला सगळं माफ. मी म्हटलं, चला, पीडा टळली.

कसली टळते. कीर्तन संपलं आणि त्या कॉम्प्युटरने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं. कुठल्याशा गावच्या यात्रेतलं कुस्त्यांचं मैदान. लाल माती, फेटे, हलगीचा कडकडाट. मी बंद करायला हात पुढे केला तर आईने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"कुस्ती?"

"ऱ्हाऊ दे म्हनते ना."

माझ्या आजोळी तालीम होती, हे मला माहीत होतं. आजोबा वस्ताद, मामा पैलवान, भिंतीवर गदेचा फोटो, हे सगळं लहानपणापासून ऐकलेलं. पण आईने त्या तालमीत कधी पाऊल टाकलं नव्हतं हे मला त्या दिवशी कळलं. आत मारुती, बायकांना मज्जाव. घराची आणि तालमीची भिंत एक, त्यामुळे पहाटे पोरं मातीत आपटायची त्याचे धप धप आवाज हिच्या अंथरुणाला लागायचे. जेवताना आजोबा आणि मामा त्या दिवसाचे डाव बोलायचे, पट, घिस्सा, ढाक, आणि ही भाकरी वाढता वाढता ऐकायची. यात्रेचं मैदान तर गावाच्या खाली ओढ्याकाठी. तिथे बाई म्हणून नाही. ही माडीवर उभी राहून हलगी ऐकायची, आणि हलगी थांबली की समजायचं, कुणीतरी पडला.

"मग लग्नानंतर?"

"तितं बी तसंच. गडीमानसं जात्यात मैदानाला. आमी पुरनाच्या पोळ्या लाटायच्या."

हे तिने अगदी सहज सांगितलं, डोळे स्क्रीनवरच. आयुष्यभर जिचे आवाज ऐकले ती कुस्ती ही बाई ह्या वयात पहिल्यांदा बघत होती, तीही माझ्या गॅलरीत, प्रिंटरला टेकून. मी आवाज थोडा वाढवला आणि माझ्या आकड्यांकडे वळले.

पण म्हणतात ना, भीक नको पण कुत्रं आवर. रोज दुपारी, मग रोज सकाळी-दुपारी. आधी स्टुलावर, मग उशी आली, मग शेंगा सोलायचं ताट आलं. मी फोनवर कंटेनरचा नंबर सांगतेय आणि बाजूने, "अरं पट काढ की! काय बघत बसलास!" समोरचा एजंट विचारतो, "मॅडम, घरी लग्न आहे काय? हलगी वाजतेय." मी हेडफोन आणून दिले. ते कानाला टोचतात. मी म्हटलं, मग हॉलमध्ये जा, चादर काढ आणि तिथे बघ, माझी आई! तर तोंड असं केलं की मी अण्णांचं काही वाईटच बोलले.

एकदा पोरींची कुस्ती लागली. हरयाणाकडची एक आणि आपल्या इकडची एक, दोघी अंगाने मजबूत, खांद्याला खांदा लावून भिडलेल्या. आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. इकडच्या पोरीने दुसरीला उचलून मातीवर टाकलं आणि मैदान उभं राहिलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुन्यांदा लाव." मी लावली. तिसऱ्यांदाही लावली, आणि माझा एक मेल त्या नादात उशिरा गेला.

मग आबांचा फोन आला.

मला सगळं ऐकू येत होतं, कारण आबा फोनवर बोलत नाहीत, साद घालतात. रविवारी येतोय आणि तुला घेऊन जातोय, म्हणाले. पोरगी दिवसभर कामात, तू एकटी, तिथे घर खायला उठत असेल. वर्षश्राद्धापर्यंत गावाकडे राहा, चार बायका येतील-जातील, दुखवटाही नीट पाळला जाईल. पुढचं पुढं बघू. आई पदर सावरून फक्त "बरं" म्हणत होती. बरं. व्हय. बरं.

फोन ठेवला आणि माळ्यावरून पिशवी काढायला स्टूल न्यायला आली. कुस्ती बघायचं स्टूल!

"तुला जायचंय?" मी विचारलं.

"भावजी म्हनत्यात."

"ते काय म्हणतात ते ऐकलं मी. सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. तुला जायचंय का?"

"मानसं काय म्हनतील, थोरल्या दिराला न्हाई म्हनली म्हनून."

"आई, हो की नाही?"

ती स्टूल घेऊन गेली. पुढचे दिवस मी कशी वागले विचारू नका. भांडी आपटली, फोनवर लोकांवर खेकसले, रात्री धड झोप नाही. एक मन म्हणायचं, जाऊ दे ना, अर्धी स्क्रीन परत मिळेल, शांतपणे काम होईल. दुसरं मन म्हणायचं की गावाकडे ही पुन्हा माडीवर उभी राहणार. आणि खरं सांगायचं तर मला ती हवी होती. अण्णा गेल्यापासून ह्या घरात जिवंत असं एकच काही होतं, ते म्हणजे त्या स्टुलावर बसून पैलवानांना शिव्या देणारी माझी आई. हे तिला तोंडाने सांगायला मात्र माझी जीभ रेटेना. आमच्या घरात असं कुणी कुणाला सांगत नाही. मी वाट बघत होते की ती सांगेल, ती बहुतेक वाट बघत होती की मी राहा म्हणेन.

रविवारी आबा आणि मोठी आई, म्हणजे आबांची बायको, दुपारी येणार होते. गाडी मिळाली लवकरची. बेलापूरला उतरून रिक्षा केली आणि सकाळीच दारात. आम्ही दोघी तेव्हा ऑफिसात. आई म्हणाली होती, आज शेवटचं एक मैदान लाव. पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. बेल वाजली, आई दचकून उठली, पदर घेत दाराकडे धावली. मी घाईघाईत कुस्ती बंद करायला गेले. त्या व्हिडिओच्या कोपऱ्यात एक छोटी चौकोनी खूण असते. ती दाबली की कॉम्प्युटरवरचं चित्र वायफायवरून घरातल्या टीव्हीवर जातं. बंद करायच्या फुलीऐवजी माझं बोट पडलं त्या खुणेवर. स्क्रीनवरची कुस्ती गायब झाली. मला वाटलं, झालं बंद. मी बाहेर आले.

मोठ्या आईने आईला मिठी मारून हुंदका काढला होता. "कसं गं झालं गं बाई हे..." आई रडत होती, मीही डोळे पुसत होते, आबा चपला काढून खाली मान घालून उभे. आणि निळ्या फुलांच्या चादरीखाली उजेड पडला.

आधी हलगी. मग तो मैदानातला निवेदक, पोटातून ओरडणारा: "सलामी झडली, मंडळी! टाळ्या वाजवा, टाळ्या वाजवा!"

मोठ्या आईचा हुंदका अर्ध्यात अडकला. अरे देवा! रिमोट कुठे असेल? अण्णांच्या वस्तूंबरोबर कपाटात, कपाटाची किल्ली कुठे? मी सोफ्याच्या मागे शिरले. वायफायचा डबा आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर, म्हणून टीव्हीचं बटण इतके दिवस कुणी बंद केलंच नव्हतं. हात पोचेना. चादरीखाली कुस्ती चाललेली, आणि बाहेर आम्ही चौघं दातखीळ बसल्यासारखे.

"घिस्सा घालतोय," आबा हळूच म्हणाले. तोंडातून निघून गेलं असणार.

"न्हाई. ढाक लावील," आई म्हणाली. तिच्याही तोंडातून निघूनच गेलं.

मी बोर्डच ओढून काढला. टीव्ही गेला, वायफाय गेलं, घर गप्प झालं. आबा सोफ्यावर बसले आणि मग त्यांना राग आठवला.

"हे काय चाललंय, बाई? माझा भाऊ जाऊन किती दिस झालं? घरात कुस्त्या?"

"आबा, माझ्या हातून चुकून..." मी सुरू केलं.

"म्या लावली हुती," आई म्हणाली. स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदर डोक्यावर, नजर फरशीवर. "टीव्हीवर न्हाई. हिच्या कामाच्या कॉम्पुटरवर. रोज बघते."

आबा चिडलेले होते, पण माणूस मायाळू. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "एकटं मन कशात तरी रमवायला लागतंय, कळतंय मला. म्हनून तर न्यायला आलोय. गावाकडं चल. तितं तुला कशाची कमी पडनार न्हाई."

माझा जीव टांगणीला. आता "बरं" म्हणणार आणि पिशवी उचलणार.

"भावजी," ती म्हणाली, "यात्रेला मैदान भरतंय नव्हं अजून?"

"भरतंय की. दरसाल. कमिटीत हाय मी."

"मंग मला मैदानात एक खुर्ची टाकशिला का?"

आबा हसले. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले. "अगं, बायका कुठं येत्यात का मैदानाला? लोकं काय म्हनतील?"

"तेच म्हनते मी," आई म्हणाली. नजर आता वर होती. "लोकं म्हनतील. हितं कोन म्हनत न्हाई. खुर्ची टाका, आत्ता चपला घालते. न्हाई तर मी हितंच बरी. पोरगी वरडती माज्यावर, पर बाजूला बसू देती."

मला रडूच आलं. राग, हसू, सगळं एकदम. आबांनी माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे बघितलं. आणि मोठी आई, जी ह्या घरात आल्यापासून रडण्यापलीकडे काही बोललेली नव्हती, तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "टाकायच्याच झाल्या तर दोन टाका."

आबांनी वळून बायकोकडे बघितलं. "तुला बी?"

मोठी आई आईकडे वळली. ती आईला म्हणाली, "कुठाय गं त्यो तुजा कॉम्पुटर? दाव मला," आणि दोघी आत गेल्या. मी बोर्ड पुन्हा लावला, वायफाय यायची वाट बघितली, मैदान लावलं आणि माझी खुर्ची मोठ्या आईला दिली. फोन वाजत होता, कुठला तरी कंटेनर अडकला होता, मी घेतला नाही.

थोड्या वेळाने आबा ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. घसा खाकरला. "बरं, ऱ्हाऊ दे पिशवी. कमिटीत काढतो विषय. काय म्हनत्यात ते..."

"थांबा जरा भावजी," आई स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली. पदर खांद्यावर आला होता, तिने तो वर घेतला नाही. "पट काढाय लागलाय त्यो."